हयात माणसाचा फोटो

माझ्या मामाचा फोटो ज्ञानकोशातून उडवला, त्या संध्याकाळी मी कारेगावच्या खोलीवर डाळ करपवली. राग आला की माझं चुलीवरचं लक्ष आधी जातं. आईचंही तसंच होतं. शेजारच्या खोलीतली बिहारची बाई वास घेत दारात आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली. तिला काय सांगणार? मामाला काढून टाकलं, असं सांगितलं. तिला वाटलं, मामाची नोकरी गेली.

इंटरनेटवर एक मोठा ज्ञानकोश आहे. तो कुणा एका विद्वानाचा नाही, कुणीही त्यात लिहावं, कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करावं. पगार नाही, मानधन नाही, वर भांडणं फुकट. मी दिवसभर कंपनीच्या स्टोअरमध्ये आलेला माल आणि गेलेला माल कॉम्प्युटरवर चढवते. संध्याकाळी खोलीवर आले की तिथे लिहीत बसते. घोड नदीवर लिहिलं, माळरानावरच्या पक्ष्यांवर लिहिलं. आणि एक लेख मामावर लिहिला.

मामा आमचा भांडगावच्या बाजूला वस्तीवर राहायचा. आजोबांची हयात मेंढरांमागे गेली, मामाचंही तरुणपण. पुढे पाणी आलं, ऊस आला, फ्लॉवर-कोबी आला, मेंढरं गेली आणि दारात चार शेळ्या उरल्या. धनगरी ओव्या मात्र राहिल्या. ढोलावर थाप पडली की मामा उभा राहून सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडायचा, आणि मागे झील धरणारे साथीदार दमून खाली बसले तरी तो थांबायचा नाही. दोन पुस्तकांत त्याचा उल्लेख होता, जुन्या वर्तमानपत्रांतून त्याच्यावर लिहून आलं होतं, पुण्याचे एक संशोधक येऊन त्याचं गाणं रेकॉर्ड करून गेले होते. म्हणून तर लेख उभा राहिला. तिथे लेख टिकवायचा तर त्या माणसाबद्दल बाहेर कुणीतरी लिहिलेलं असावं लागतं, आपली माया पुरत नाही.

लेखाला फोटो हवा होता. मामाच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं एक कात्रण काच लावून टांगलेलं होतं. त्यात मामा तिशीतला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, एक हात वर उचललेला, मान मागे टाकलेली आणि तोंड पूर्ण उघडं. फोटो मुका असतो, पण हा बघितला की कानावर आवाज यायचा. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि ज्ञानकोशावर चढवला. चढवताना विचारलं जातं, हे काम कुणाचं? मी 'स्वतःचं काम' या ओळीपुढे बेधडक खूण केली. खोटं बोलतेय असं मनातही आलं नाही. मामा माझा, फोटो मामाचा, भिंत मामाची, काच मामानेच आणलेली. आमच्या वस्तीवर कुणालाही विचारा, फोटो कुणाचा? ज्याचं तोंड आहे त्याचा, असंच सांगतील.

तिथल्या एका जुन्या संपादकाने तो काढायला लावला. या गृहस्थांना मी कधी पाहिलं नाही. ते कुठले, काय करतात, ठाऊक नाही. लेखाला जोडून एक चर्चेचं पान असतं, तिथे ते लिहायचे, आणि इतक्या अदबीने लिहायचे की माणसाला धड भांडताही येऊ नये. 'आपला गैरसमज झालेला दिसतो. छायाचित्राचा प्रताधिकार ते काढणाऱ्याचा, किंवा तो ज्या वर्तमानपत्रात नोकरीला होता त्याचा असतो. ज्याचे छायाचित्र आहे त्याचा नसतो.' मी तणतणत उत्तर दिलं की तोंड माझ्या मामाचं, घोंगडी मामाची, घाम मामाचा, त्या फोटोग्राफरचं यात काय, नुसतं एक बोट. त्यांनी लिहिलं, 'होय. कायदा त्या बोटालाच मानतो.'

मग मीही हट्टाला पेटले. सुट्टीचे दिवस घालवून नियम वाचून काढले. त्यात एक वाट सापडली, उचित वापराची. दुसऱ्याच्या मालकीचं चित्रसुद्धा माहितीपुरतं, लहान आकारात, कारण लिहून वापरता येतं. मी कात्रणातला फोटो बारीक करून पुन्हा चढवला. खाली सविस्तर कारण लिहिलं, मूळ वर्तमानपत्राचं नाव दिलं, सगळं नियमाप्रमाणे. मनात म्हटलं, आता बोला. त्यांचं उत्तर आलं ते तीन वाक्यांचं. 'व्यक्ती हयात आहे. नवे मुक्त छायाचित्र काढणे शक्य आहे. उचित वापर लागू नाही.'

मी विचारलं, आणि व्यक्ती हयात नसती तर? ते म्हणाले, तेव्हा विचार करता येईल.

माझं डोकंच फिरलं. कुणीतरी वस्तीच्या तोंडाशी खुर्ची टाकून मामाच्या मरणाची वाट बघत बसलंय असं मला वाटलं. आज मला तो नियम पटतो. जिवंत माणसाचा फोटो कुणीही जाऊन काढू शकतो आणि सगळ्यांना वापरायला मोकळा करून देऊ शकतो, मग दुसऱ्याच्या मालकीचा कशाला उचलायचा? पण त्या दिवशी पटला नाही. मामाला दम्याने धरलं होतं. दोन ओव्या झाल्या की तो खांबाला टेकायचा. माणूस गेल्यावर आमच्याकडे फोटोला हार घालतात, अगरबत्ती लावतात, गावभर त्याचं तोंड लावतात. जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग? मला मामाचं तोंड त्या पानावर मामाच्या डोळ्यांदेखत हवं होतं. एवढंच हवं होतं, आणि ते मी करणारच होते.

आधी मालकाचा शोध घेतला. वर्तमानपत्र कधीच बंद पडलेलं. फोटोग्राफर वारलेले. त्यांचा मुलगा दौंडला राहतो असं कळलं, म्हणून गेले. त्याने चहा पाजला, वडिलांबद्दल भरभरून बोलला, आणि घर बदलताना निगेटिव्हचे डबे भंगारात घातले असं सांगून मान खाली घातली. तो वाटेल तिथे सही द्यायला तयार होता. पण हक्क वडिलांचा नव्हताच, वर्तमानपत्राचा होता, आणि त्याच्या मालकाचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. म्हणजे एक तर परवानगी द्यायला कुणी नाही, आणि दुसरं, परवानगीशिवाय चालत नाही. छापल्यापासून साठ वर्षं उलटली की फोटो आपोआप मोकळा होतो. हिशोब केला तर अजून वीसेक वर्षं उरत होती.

येताना वाट वाकडी करून वस्तीवर गेले आणि मामाला सगळं सांगितलं. तो बाजेवर बसून शेळीच्या दाव्याला गाठ मारत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग थांबू की ईस वर्स. आपल्याला कुठं घाई हाय." आणि खोकला येईपर्यंत हसला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं रामायण कशाला? खिशात मोबाइल आहे, काढ मामाचा नवा फोटो. तिथेच तर अडत होतं. मामा फोटो काढू द्यायचा नाही.

आमच्या भागात म्हातारं माणूस जरा थकलं की पोरं त्याला नवं धोतर नेसवून दौंडला किंवा केडगावला स्टुडिओत नेतात. 'आबा, एक चांगला फोटो काढून ठिवू' म्हणतात. कशासाठी ते कुणी बोलत नाही. आबाही विचारत नाहीत, कारण त्यांनीही आपल्या बापाला असंच नेलेलं असतं. मग फोटोवाला कॉम्प्युटरवर त्या फोटोचं फक्त तोंड ठेवतो. खाली तयार कोट चिकटवतो, टाय लावतो, वर फेटा बसवतो, गालाचे खड्डे भरतो. कोट त्याच्याकडे एकच असावा. आमच्या वस्तीवरचे गेलेले सगळे पुरुष निळ्या कोटात आहेत. मामाच्या थोरल्या भावाने जन्मात बंडी सोडून काही घातलं नाही, तोही टाय लावून भिंतीवर बसलाय. त्या तसबिरीकडे बघून मामा म्हणाला होता, "आण्णा वर गेला तवा त्याला कुणी वळखलं नसंल." त्या दिवसापासून त्याने फोटोचं नाव टाकलं. कुणी मोबाइल उचलला की हा घोंगडी तोंडावर ओढायचा. लग्नातल्या फोटोंत नुसता पटका दिसायचा. मुलाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, दोनदा स्टुडिओचा विषय काढला, तर मामा जेवणावरून उठून गेला. त्याच्या लेखी फोटो काढून घेणं म्हणजे निघायची तयारी होती.

मी आठवडाभर विचार केला आणि रविवारी शिरूरवरून न्हावऱ्याची गाडी धरली. कारखान्याचा सीझन चालू होता. चौफुल्यापर्यंत उसाच्या जोड ट्रॉल्यांमागे रांगत गेले. वाटेत ठरवून टाकलं की गोड बोलायचं नाही, फसवायचंही नाही. झोपेत फोटो काढ म्हणून मैत्रिणीने सुचवलं होतं, ते मी तिलाच सुनावून मोडीत काढलं होतं. मामाला नियम आहे तसा सांगायचा.

मामी चुलीपुढे भाकरी थापत होती. मामा दारातल्या उन्हात बसला होता. मी त्याच्यापुढे जमिनीवर बसले आणि त्या संपादकांची तीन वाक्यं मोबाइलवरून जशीच्या तशी वाचून दाखवली. मामाने ती परत वाचायला लावली.

"म्हंजी मी मेलो की त्यो जुना फोटू चालतोय?"

"व्हय."

"आन् जित्ता हाय तवर न्हाई?"

"न्हाई. ते म्हणत्यात, मानूस जित्ता हाय, जावा आन् नवा काढा."

मामा घोंगडीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "आपल्याकडं उलटं हाय. हितं नवा फोटू काढला का मानूस चालला. तिथं नवा फोटू लागतो म्हंजी मानूस हाय."

मी म्हटलं, व्हय, तसंच हाय.

"काढ मंग," मामा म्हणाला.

मी मोबाइल वर उचलला तर मामाने लगेच हात आडवा केला. त्याला काहीतरी आठवलं होतं. मागे मी चिडून सांगितलं होतं ते, की फोटो बोट दाबणाऱ्याचा होतो. त्याने विचारलं, ते खरं ना? मी हो म्हटलं. तर म्हणाला, "मंग तू न्हाई दाबायचं. तू दाबलंस तर माजं त्वांड कारेगावला जाईल. घरातच ऱ्हाऊ दे. हिला दाबू दे."

मामीने चुलीपुढून ओरडून सांगितलं की माझे हात पिठाचे आहेत, तुमचे खेळ तुम्ही खेळा. मामा हटला नाही. मीही त्याचीच बाजू धरली. शेवटी ती पदराला हात पुसत आली. मोबाइल दोन्ही हातांत परातीसारखा धरला. मी फक्त कुठे दाबायचं ते दाखवलं आणि मुद्दाम लांब जाऊन उभी राहिले. तिने मामाला घोंगडी नीट घ्यायला लावली, मग पटका मागे सारायला लावला, मग शेळीला हाकललं. मामा ताठ बसला होता, तोंड मिटून, आधारकार्डाच्या फोटोसारखा. मामी म्हणाली, "अवं, दात न्हाईत म्हून लाजताय व्हय? मी रोज बगती की ते." मामा फसकन हसला आणि तिने दाबलं.

फोटो जरा तिरपा आला. मागे शेळीचा अर्धा पाय आला. उजव्या कोपऱ्यात मामीच्या अंगठ्याची कड आली. मधे मामा, तोंड पूर्ण उघडं, समोरचे दात नाहीत, डोळे मिटायच्या बेतात. कात्रणातल्या फोटोत आवाज होता, यात हसू होतं. मी तो बघितला आणि मला रडूच आलं. मामी म्हणाली, बिघडला असंल तर दुसरा काढती. मी नको म्हटलं.

पुढचं काम नियमाचं होतं. फोटो मामीचा, म्हणून परवानगी मामीने द्यायची. तिला मी अटी वाचून दाखवल्या. हा फोटो कुणीही वापरेल, कुणीही कापेल, बदलेल, विकेलसुद्धा, फक्त काढणाऱ्याचं नाव द्यावं लागेल. ती भाकरी उलटत होती. तिने एवढंच विचारलं, "नाव घालत्यात न्हवं?"

"घालावंच लागतं, मामी."

"मंग दे." पण लेखी हवं म्हटल्यावर ती वैतागली. तिला सही येत नव्हती. "त्यात अंगठा उठलाय की माजा," ती म्हणाली. तिच्या मुलाच्या मोबाइलवरून आम्ही तिच्या नावाने परवानगी पाठवली. काही दिवसांनी मंजुरी आली. फोटोच्या पानावर छायाचित्रकार म्हणून मामीचं नाव लागलं. सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर तिचं नाव कुणाच्या तरी पाठोपाठ होतं. इथे ते एकटंच होतं.

आमच्या त्या अदबशीर संपादकांनी लिहिलं, 'उत्तम छायाचित्र. कोपऱ्यातला अंगठा कापून देऊ का?' मी लिहिलं, नको. त्यांनी कारण विचारलं नाही. तेव्हापासून आमचं पटायला लागलं.

मामाने ते पान बघितलं. हे वाक्य लिहिण्यासाठीच मी इथवर आले आहे, म्हणून पुन्हा लिहिते. मामाने ते पान स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मोबाइल लांब धरून, जवळ धरून. दिसेल त्या माणसाला हाक मारून दाखवलं. पाटसला दवाखान्यात गेला तर डॉक्टरलाही दाखवलं. फोटो चांगला आलाय म्हटलं की मामीकडे बोट करायचा.

तो गेला ते उसाच्या पुढच्या सीझनमध्ये, सकाळी चहा घेताना. मी पोचले तोवर दारात माणसं जमली होती. मामेभाऊ फ्लेक्सवाल्याशी फोनवर बोलत होता. फ्लेक्सवाल्याने इंटरनेटवरून फोटो घेतलाच होता. तो म्हणत होता, दात बसवतो, कोट घालतो, फेटा टाकतो, कोपऱ्यातला तो अंगठा काढतो, झाक करून देतो. भाऊ हो म्हणत होता. तो वाईट नाही. बापाला सगळ्यांसारखं रुबाबात बसवायचं होतं त्याला.

मामी भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून बायका तिला रडवायचा प्रयत्न करत होत्या. ती म्हणाली, "कोट घालायचा न्हाई."

भाऊ म्हणाला, "आई, सगळ्यांचा असाच असतोय."

"फोटू माजा हाय," मामी म्हणाली. "हिला इचार."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. परवानगीतला शब्दन् शब्द मला पाठ होता. कुणीही कापेल, कुणीही बदलेल. मी स्वतः तो मामीला वाचून दाखवला होता. फ्लेक्सवाल्याला कोट घालायचा पूर्ण हक्क होता, आणि त्या दारात हे ठाऊक असलेली मी एकटी होते. नवख्या लोकांना मी हे नियम चर्चेच्या पानावर रोज समजावून सांगते, एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देत नाही.

"कायद्यानं फोटो मामीचा हाय," मी म्हणाले. हे खरंच होतं. पुढचं मी सांगितलं नाही. "आन् खाली तिचं नाव लागतं," एवढं मात्र सांगितलं.

दुपारी फ्लेक्स लागला. नेहमीसारखा काळा-पांढरा काठ, खाली शोकाकुल म्हणून भावकीतल्या पुरुषांची नावं. वर मामा, घोंगडी पांघरलेला, बिनदाताचा, हसणारा. उजव्या कोपऱ्यात अंगठ्याची कड, आणि तिच्या खाली बारीक अक्षरात 'छायाचित्र' लिहून मामीचं नाव. रस्त्याने जाणारे ट्रॅक्टरवाले तिथे गाडी हळू करायचे. एक जण तर बघून हसलाच, मग ओशाळून पुढे गेला. मामाच्या मयतीला कुणी हसलेलं मामाला चाललं असतं.

तेराव्यानंतर खोलीवर परतले. लेखात मामाच्या नावापुढे मृत्यूची तारीख मीच घातली. दुसऱ्या कुणी घालण्याआधी घातली. महिनाभराने चर्चेच्या पानावर एका नव्या मुलीचा निरोप आला. तिला कुठल्याशा पुस्तकात तो जुना फोटो सापडला होता, पटका, वर उचललेला हात, तिशीतला मामा. तिने उत्साहाने लिहिलं होतं की गायकाचं निधन झालेलं असल्यामुळे आता उचित वापराखाली हा सुंदर फोटो लावता येईल, सध्याचा फोटो तिरपा आहे आणि त्यात कुणाचा तरी अंगठा आला आहे.

मी तो फोटो बराच वेळ बघत बसले. याच फोटोसाठी मी डाळ करपवली होती, भांडले होते, दौंडची पायपीट केली होती. मग तिला अगदी अदबीने उत्तर लिहिलं.

'नमस्कार. या व्यक्तीचे मुक्त छायाचित्र उपलब्ध आहे. ते त्यांच्या हयातीत, त्यांच्या संमतीने, त्यांच्या पत्नीने काढले आहे. उचित वापर लागू नाही.'